मारुयामाबाईंचा उजवा पाय

जानेवारीतल्या एका मंगळवारी दुपारी तीनच्या सुमाराला हात्सुए मारुयामाच्या उजव्या मांडीत, मागच्या बाजूला, काहीतरी झालं. आवाज आला नाही. ओल्या कापडातून कुणी एक धागा खसकन ओढून काढावा, तसं आतल्या आत वाटलं. हातातल्या दांड्याचं वजन म्हणाल तर फक्त साठ किलो. एरवी ती जमिनीवरून एकशे दहा किलो उचलायची. साठ म्हणजे अंग गरम करण्यापुरतं वजन, त्याच्याकडे ती धड बघतही नसे. आणि नेमकं तेच नडलं.

तिने दांडा अर्ध्यातूनच हळू खाली ठेवला आणि बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने बाकावर बसली. एका बुटाची नाडी सोडून बांधली, मग दुसऱ्या बुटाची. तालमीत त्या वेळी तिघंच होते. तोफूचं दुकान चालवणारी इगाराशी, बसवरचा ड्रायव्हर निशिवाकी आणि रॉकेलच्या शेगडीपाशी खुर्ची टाकून बसलेले म्हातारे वाकुई वस्ताद.

"काय गं ताई, आजच दमलीस?" इगाराशीने विचारलं.

"नाडी सुटली," हात्सुए म्हणाली.

मग कामावरून बोलावणं आलंय असं सांगून ती निघाली. घर बारा मिनिटांवर होतं, त्या दिवशी पस्तीस मिनिटं लागली. रस्त्याच्या मधोमध बर्फ वितळवायचे पाण्याचे फवारे चालू होते, त्या तांबूस पाण्यातून ती पाय घासत चालली. ओळखीचं कुणी दिसलं की थांबून दुकानाच्या काचेत बघितल्यासारखं करायची.

हात्सुए तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होती. लग्न झालेलं नव्हतं. मुळातच थोराड हाडाची. ज्या गावात रेशमी किमोनो विणले जात आणि पोरींची किंमत बोटांच्या नाजूकपणावरून ठरत असे, त्या गावात असे रुंद खांदे घेऊन मोठं होणं काही सोपं नव्हतं. पंचविशीपर्यंत ती मागावर होती. कारखाना बंद पडला. मग अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचं नऊ वर्षं केलं. ते गेल्यावर येत होतं ते काम एवढंच, म्हणून नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात लागली आणि तिथेच राहिली. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, न्हाणीतून परत पलंगावर, अशी दिवसभर माणसं उचलायची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिच्या गळ्यात कुणा ना कुणाचे हात असत. पण ते हात पडू नये म्हणून धरलेले असत. घरी, सरकारी चाळवजा इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, ती एकटीच.

तालमीत ती कशी आली ते सांगायला हवं.

सहा वर्षांपूर्वी, ऑक्टोबरात, आश्रमात सुमी वाकुई नावाच्या बाई होत्या. झटक्याने डावं अंग गेलेलं. हात्सुए त्यांना न्हाणीतून बाहेर काढत होती. अचानक सुमीबाईंचे गुडघे वाकले. हात्सुएने त्यांना धरलं. क्षणभर पेललंही, पण मग तिच्या दंडातला जोरच संपला आणि सुमीबाई तिच्या हातांतून घसरत फरशीवर गेल्या. मनगट मोडलं. आश्रमात कागद भरले गेले, दोन बैठका झाल्या, यापुढे न्हाणीत दोघींनी मिळून उचलायचं असं ठरलं. तिला कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटत राहिलं.

शेवटी गोड वड्यांची पेटी घेऊन ती सुमीबाईंच्या नवऱ्याची माफी मागायला गेली. ते तरुणपणी वजन उचलण्याच्या स्पर्धांत नाव काढलेले गृहस्थ. बंद पडलेल्या मागाच्या शेडमध्ये त्यांनी तालीम काढली होती. ती गेली तेव्हा ते दांड्याला तेल पुसत होते. ती कमरेत वाकून उभी राहिली. त्यांनी पेटीकडे बघितलंसुद्धा नाही.

"तिचं वजन किती, ठाऊक आहे?"

"चव्वेचाळीस किलो."

"आणि तुम्हाला किती उचलवतं?"

ते तिला ठाऊक नव्हतं. आयुष्यभर उचलतच आली होती, पण मोजलं कधी नव्हतं.

"मग सोमवारी या," वस्ताद म्हणाले. "कळेल."

ही शिक्षा असावी असं समजून ती सोमवारी गेली. मग बुधवारी गेली. पहिल्या वर्षात तिची पाठ सरळ झाली, दुसऱ्या वर्षात ती स्वतःच्या वजनाइतकं उचलायला लागली. सुमीबाई त्यानंतर तीन वर्षं जगल्या. आश्रमाचा नियम दोघींचा होता, तरी न्हाणीत त्यांना मुख्य आधार हात्सुएच द्यायची. दुसरी बाई नावापुरती पायाशी उभी असायची. वस्ताद दर रविवारी आश्रमात येऊन बायकोजवळ बसत. तिथे ते तालमीबद्दल अवाक्षर काढत नसत आणि तालमीत सुमीबाईंबद्दल. सुमीबाई गेल्या तेव्हा हात्सुएला वाटलं, आता आपलं इथलं काम संपलं. पण पुढच्या सोमवारी पाय आपोआप तिकडे वळले. तिथे तिला कुणी "ताई" म्हणायचं, कुणी टोमणा मारायचं, तिच्या वजनाची चौकशी व्हायची. गावात एवढं दुसरीकडे कुठे होत नव्हतं.

तर मांडी.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाय दाबून, वाकवून बघितला. स्नायू थोडासा ताणला गेलाय, फाटलेला वगैरे काही नाही, दोन-तीन आठवडे आराम करा, म्हणाले. आश्रमाच्या व्यवस्थापिकेने लगेच दोन आठवड्यांची रजा दिली. उचलायचंच काम, त्यात अधू पाय घेऊन तुम्ही करणार काय, असं तिचं म्हणणं. बोलणं बरोबर होतं, पण हात्सुएला ते लागलं.

ती घरी बसली. शेगडीच्या बुटक्या टेबलाखाली पाय घालून, वरून पांघरूण ओढून टीव्ही बघत राहिली. नागोयाहून धाकट्या बहिणीचा, फुसाएचा फोन आला. या वयात लोखंड उचलायची हौस कशाला, लोक फुलं मांडायला शिकतात, सहलीला जातात, असं ती बराच वेळ बोलली. नवऱ्याला जेवायला वाढायचंय म्हणून मग तिने फोन ठेवला. तो गुरुवार होता. शुक्रवारपासून बर्फ पडायला लागला. घरात तांदूळ होते, खारवलेला मासा होता, मुळ्याचं लोणचं होतं. खाली उतरायची गरज नव्हती.

सोमवारी दुपारी पार्सलवाल्याने बेल दाबली. शेजाऱ्यांचं पार्सल, ते घरी नव्हते. हात्सुएने दार उघडलं आणि "आत ठेवा" म्हणायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटला नाही. घशातून नुसती घरघर आली. पार्सलवाला दोन पावलं मागे सरला, आजारी आहात का, म्हणाला. तिने मान हलवली. दार लावल्यावर तिच्या लक्षात आलं, गुरुवारच्या फोननंतर आपण एकही शब्द बोललेलो नाही. चार दिवस. आणि त्याहून वाईट म्हणजे, हे आपल्याला जाणवलंसुद्धा नाही.

ती स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने बोलली, "मारुयामा हात्सुए." मग पाण्याची किटली ठेवली. पायाची भीती तिला वाटली नव्हती. ही मात्र वाटली.

तालमीतूनही कुणाचा फोन आला नव्हता. इगाराशीचं दुकान चालत पाच मिनिटांवर. आपणच खोटं सांगून निघून आलो, त्यांना कसं कळणार, असं ती स्वतःला समजावत होती. तरीसुद्धा फोन वाजावा असं वाटत होतं.

नवव्या दिवशी ती एक जुनी काठी घेऊन बाहेर पडली. मुद्दाम सकाळी दहाची वेळ निवडली, त्या वेळी तालमीत कुणी नसतं. वस्ताद दारातला बर्फ फावड्याने बाजूला करत होते. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण फावडं अजून गुडघ्यातून वाकूनच घ्यायचे. त्यांनी तिच्याकडे बघितलं, काठीकडे बघितलं.

"उजवा ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"त्या दिवशी तुम्ही दोन्ही बुटांच्या नाड्या सोडून बांधल्यात, मारुयामाबाई. एका वेळी दोन्ही कुणाच्या सुटत नाहीत."

"मग फोन का नाही केलात, वस्ताद?"

"तुम्ही तरी कुठं केलात?" असं म्हणून त्यांनी आणखी दोन फावडी बर्फ उचलला. तिने सांगितलं की डॉक्टरांनी आराम करायला सांगितलाय. वस्तादांनी फावडं भिंतीला टेकवलं.

"कुणाला सांगितलाय? मांडीला. तुमच्या खांद्यांना काय झालंय? आत या, थंडी आत शिरतेय."

त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं, उठवलं, चालायला लावलं. पालथी झोपवून टाचेला स्वतःचा तळहात लावला आणि हळूच गुडघा वाकवायला सांगितला. किती दुखतंय ते दहापैकी सांगायचं. ती म्हणाली, चार. मग त्यांनी वहीतलं पान फाडून जाडजूड अक्षरांत लिहून दिलं. व्यायाम करताना दुखणं तीनच्या वर जायला नको. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या दिवसापेक्षा वाढलेलं नको. झटका कशालाच नको. बसून डोक्यावर वजन ढकलायचं, बसून ओढायचं, पाय बाकावर घेऊन छातीचा व्यायाम करायचा. डाव्या पायाने एकट्याने बैठका. उजव्याने पहिले काही दिवस एवढंच, की गुडघा वाकवून टाच जमिनीत दाबायची आणि दाबून धरायची.

"डाव्याचा व्यायाम करून उजव्याला काय मिळणार?" तिने विचारलं.

"मिळतं थोडं. एक पाय काम करतो तेव्हा दुसरा ऐकत असतो. अगदी झोपी जात नाही."

त्या दिवशी तिने पाऊण तास व्यायाम केला. घरी जाताना काठी होती, पण बरगड्यांच्या बाजूला ओळखीचं दुखत होतं. त्या दुखण्याने तिला इतकं बरं वाटलं की वाटेत तिने गाजरं आणि वांगी विकत घेतली आणि विक्रेतीशी हवेबद्दल गरजेपेक्षा जास्त बोलली.

दोन आठवड्यांनी ती कामावर रुजू झाली. उचलायचं काम सोडून कपड्यांच्या घड्या, जेवण भरवणं, नोंदी. तालमीतही ती पुन्हा दुपारच्या वेळेला जाऊ लागली. मार्चमध्ये नागाओकाला चाळिशीच्या पुढच्यांची स्पर्धा होती, इगाराशी आणि निशिवाकी तिच्या तयारीला लागले होते. पहिल्या दिवशी दोघांनी तिला मधोमध बसवून सगळं विचारलं, संत्री सोलून दिली. दुसऱ्या दिवशी थोडं कमी विचारलं. पुढच्या आठवड्यात पोहणं शिकवणारी एक नवी बाई आली. मधल्या फळ्यांच्या ओट्यावर जिथे हात्सुए उभी राहायची, तिथे ती बाई उभी राहू लागली. त्यात कुणाचं काही चुकलं नव्हतं. ओटा रिकामा होता.

हात्सुए कोपऱ्यातल्या बाकावर बसून, घोट्याला लाल रबरी पट्टा अडकवून, टाच हळूहळू मागे ओढायची. ओट्यावर लोखंड खणखणायचं, हातांना लावायच्या खडूची पूड उडायची, एक उचलायचा आणि दुसरे दोघं ओरडून जोर द्यायचे. तिच्या कोपऱ्यापर्यंत ते ओरडणं यायचं, पण तिच्यासाठी नसायचं.

"ताई, किती वेळ रबर ताणत बसणारेस?" इगाराशी एकदा हसत म्हणाली. "माझ्या दुकानात ये त्यापेक्षा, डब्यांना लावायला रबरं कमी पडतात."

हात्सुएही हसली. घरी जाऊन तिने कामाच्या पाळ्यांचा तक्ता काढला आणि दुपारची पाळी मागून घेतली. त्यानंतर ती सकाळी दहालाच जाऊ लागली.

सकाळी तालमीत वस्ताद आणि ती. शेगडीवर किटली. छतावरून बर्फाचा थर सरकला की सगळी शेड हलायची. वस्ताद फार बोलत नसत. ती बसून वजन ढकलायची, ते समोर खुर्चीवर बसून वर्तमानपत्र वाचायचे आणि कोपर बाहेर गेलं की मान वर न करता "कोपर" म्हणायचे. हळूहळू त्यांनी उजव्या पायाला काम वाढवलं. आधी नुसता वीस किलोचा दांडा, गुडघ्याच्या उंचीवरून. मग दोन्ही बाजूंना पाच-पाच किलो. खाली ठेवताना वेळ लावायचा, घाई करायची नाही. वीस किलो वजनाशी असं अदबीने वागायची तिला लाज वाटायची. आश्रमात परतल्यावर एका आजीबाईंनी विचारलं होतं, "ती मोठी बाई कुठं गेली, मला उचलायची ती?" हात्सुए त्यांच्या समोरच उभी होती, हातात घड्या केलेले टॉवेल घेऊन.

चौथ्या आठवड्यात पाय चांगलाच हलका वाटू लागला. एका सकाळी वस्ताद टपाल कचेरीत गेले होते. तालीम रिकामी. हात्सुएने ओट्यावरच्या दांड्याकडे बघितलं, आजूबाजूला कुणी नसताना माणूस बघतो तसं. मग दोन्ही बाजूंना चकत्या चढवल्या. ऐंशी किलो. पहिल्यांदा उचललं, काही झालं नाही. दुसऱ्यांदा उचललं, काही झालं नाही. तिसऱ्यांदा गुडघ्यापाशी आल्यावर मांडीने एक बारीकशी सूचना दिली. तिने ठेवून दिलं, चकत्या जागच्या जागी लावल्या, दांडाही पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना कठडा धरावा लागला. तालमीत वस्तादांनी रोजच्यासारखं विचारलं, किती.

"दोन," ती म्हणाली.

वस्ताद वर्तमानपत्राची घडी करत उठले. तिला दारापर्यंत जाऊन यायला सांगितलं. ती गेली, आली.

"मारुयामाबाई," ते आवाज न चढवता म्हणाले, "घरी खोटं बोलायला कुणी नाही, म्हणून इथं येऊन बोलता का?"

चिडावं असं तिला वाटलं, पण बोलणं इतकं खरं होतं की चिडता येईना. मोरीत जाऊन तिने थंड पाण्याने तोंड धुतलं. बाहेर आली तेव्हा त्यांनी भिंतीवरचं तिचं पान काढून नवं लावलं होतं. दहा दिवस मागे. पुन्हा रबरी पट्टा, पुन्हा टाच दाबणं.

"किती उचललंत?" त्यांनी विचारलं.

"ऐंशी. तीनदा."

"तिसरं कशाला?"

दोनदा उचललं तेव्हा कुणी बघत नव्हतं, म्हणून ते झाल्यासारखंच वाटलं नव्हतं. हे कसं सांगणार? ती म्हणाली, "असंच." वस्तादांनी मान हलवली. त्यांना समजलं असावं, किंवा नसेलही. त्यांनी तिला चहा ओतून दिला. त्या दिवशी व्यायाम झालाच नाही, दोघं शेगडीपाशी बसून राहिले.

ते दहा दिवस तिने एकदाही नियम मोडला नाही. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ती सकाळी तालमीत गेली, तेव्हा आज सगळे नागाओकाला स्पर्धेला गेलेत हे तिला वस्तादांकडून कळलं. निशिवाकीच्या गाडीतून गेले होते. पोहणारी बाई त्यांची मदतनीस म्हणून गेली होती. हात्सुएला कुणी विचारलं नव्हतं. गाडीत जागा नसेल, ती म्हणाली. वस्ताद म्हणाले, होती एक, ती माझी होती.

"मग तुम्ही का नाही गेलात?"

"आज तुमचा साठचा दिवस आहे ना."

तिने साठ किलो उचलले. पाच वेळा, मध्ये बसून, पुन्हा पाच. दुखणं एक. कदाचित एकही नाही. ती ओट्यावरून उतरली तेव्हा वस्ताद दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून जमिनीकडे बघत होते. मग त्यांनी सांगितलं की मार्चअखेर तालीम बंद होतेय. छप्पर आणखी एक हिवाळा काढणार नाही आणि त्यावरचा बर्फ उतरवणं आता त्यांच्याच्याने होत नाही. मुलगी साइतामाला राहते, ती घेऊन जाणार.

"फेब्रुवारीतच येणार होती न्यायला," ते म्हणाले. "एका माणसाचा पाय व्हायचाय अजून, तेवढा होऊ दे, असं सांगितलं तिला."

हात्सुएने टॉवेलने हात पुसले. खडू केव्हाच निघून गेला होता, तरी ती पुसत राहिली. बोलायचं खूप होतं. ती म्हणाली, "मुलीला त्रास झाला असेल."

"झाला तर झाला." आणि मग, तिच्याकडे न बघता, "सुमी सांगायची, मारुयामाबाईंचे हात गरम असतात. दर रविवारी सांगायची. आपण हे आधीच सांगितलंय हे तिच्या लक्षात राहायचं नाही."

सहा वर्षांत त्यांनी तिच्यासमोर पहिल्यांदाच बायकोचं नाव घेतलं होतं. मनगट मोडलं ते वर्ष, आश्रमातला तो कागद, गोड वड्यांची पेटी, हे सगळं हात्सुएच्या डोळ्यांपुढून गेलं. किटलीतलं पाणी उकळून गेलं होतं. तिने उठून नवीन भरलं.

पुढच्या आठवड्यांत तिला खोटं बोलायचा मोह उलट्या बाजूने झाला. पंच्याऐंशीच्या दिवशी वस्तादांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "अजून थोडं दुखतंय."

"नाही दुखत," वस्ताद म्हणाले, आणि नव्वदच्या चकत्या दाखवल्या.

मार्चच्या एकोणतीस तारखेला तिने शंभर किलो उचलले. एकदाच. मांडी गप्प राहिली. वस्ताद "झालं" म्हणाले आणि भिंतीवरचं पान काढून घडी करून स्वतःच्या खिशात ठेवलं. दुपारी सगळे जमले, इगाराशीने तळलेला तोफू आणला, निशिवाकीने नागाओकाचा फोटो भिंतीवरून उतरवून वस्तादांना दिला. दांडे आणि चकत्या एका शाळेचे लोक ट्रक आणून घेऊन गेले. ट्रक गेल्यावर जमिनीवर लोखंडाच्या वर्तुळांचे डाग तेवढे राहिले. इगाराशी रडली. हात्सुएला रडू आलं नाही, ती झाडू घेऊन झाडत राहिली.

एप्रिलपासून हात्सुए आश्रमात पुन्हा माणसं उचलू लागली. आठवड्यातून दोनदा ती नगरपालिकेच्या क्रीडागृहात जाते. आत जाताना कार्ड लावायचं, समोर आरसे, वजन खाली ठेवताना आवाज करू नये अशी पाटी. माणसं कानांत गाणी घालून व्यायाम करतात. तिथे ती शंभर किलो उचलते आणि आवाज न करता ठेवते. कुणी बघत नाही. पहिला महिना तिला ते फार जड गेलं. नंतर वजनासारखंच त्याचंही झालं, जड होतं ते होतं, पण उचलता येऊ लागलं.

इगाराशीशी तिची दुकानात गाठ पडते. एकदा तोफू बांधता बांधता इगाराशी म्हणाली, "ताई, तू दुपारी यायची बंद झालीस ना, मला वाटलं माझ्या त्या रबराच्या बोलण्यावर रागावलीस. मग विचारायला जीभच उचलेना." हात्सुए म्हणाली की तसं काही नव्हतं. दोघींनाही ते खोटं आहे हे कळलं. तरी इगाराशीने एक तुकडा जास्त घातला आणि हात्सुएने तो परत केला नाही.

मे महिन्यात, बर्फ शेतांतून गेल्यावर, ती एकदा साइतामाला गेली. गावच्या तांदळाची दहा किलोची पिशवी बरोबर घेतली. मुलीने दार उघडलं, आणि एवढं ओझं घेऊन तुम्ही आलात कशा, म्हणाली. मुलगी भली होती. हात्सुएला ती आधी वडिलांच्या एखाद्या विद्यार्थ्याची आई समजली.

वस्ताद खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. दोन महिन्यांत लहान झाल्यासारखे दिसत होते. अंगावर नवा स्वेटर, मुलीने घेतलेला असावा, बाह्या लांब. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसत होत्या.

"पाय?" त्यांनी विचारलं.

"चांगला आहे."

"बघू."

हात्सुएने तांदळाची पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि दिवाणखान्याच्या मधोमध उभी राहिली. मुलगी चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकली. हात्सुए हळूहळू बैठकीत खाली गेली.

"अजून खाली," वस्ताद म्हणाले. "टाचा उचलू नका. हां. वर."

दहा बैठका झाल्या. दहाव्या वेळी ते खुर्चीतून थोडे पुढे झुकले, त्यांचे स्वतःचे खांदेही तिच्याबरोबर वर आले. मग ते मागे टेकले. मुलीने ट्रे ठेवला आणि जोरात हसली, बाबा, पाहुण्यांना कुणी असं करायला लावतं का, म्हणाली.

चहा झाला. आश्रमातल्या दोन माणसांची चौकशी झाली, शेडचं छप्पर पाडलं का ते विचारून झालं. अजून पाडलेलं नव्हतं. नंतर वस्तादांचा डोळा लागला. हात्सुए चार वाजेपर्यंत तिथेच बसली, मुलीने फळं कापून आणली ती खाल्ली. निघताना मुलगी दारात म्हणाली, "आज तुमच्याशी जेवढं बोलले ना, तेवढं महिनाभरात माझ्याशी बोलले नाहीत." हात्सुएने मनात उजळणी केली. वीस वाक्यंही झाली नसतील.

परतीच्या गाडीत, ओमियाला, तिला खिडकीची जागा मिळाली. शेजारची जागा रिकामी होती, तिथे तिने पर्स ठेवली. ताकासाकी स्टेशन जवळ आलं तेव्हा कुणी येऊन बसलं तर म्हणून तिने ती उचलून मांडीवर घेतली. ताकासाकीला बरीच माणसं चढली, पुढे गेली, दुसरीकडे बसली. मग लांब बोगदा आला. बोगद्यापलीकडे डोंगरांच्या घळींत अजून बर्फ होता आणि खालच्या शेतांत पाणी सोडलेलं होतं. तिचं स्टेशन येईपर्यंत पर्स तिच्या मांडीवरच राहिली.